विळीवरची निवड

"विळीवर बसलेल्या बाईला घाई करायची नसते," असं म्हणत ताई क्लबच्या किचनमध्ये जमिनीवर एक गुडघा उभा करून बसायच्या आणि संत्र्याच्या फोडी करून डब्यात टाकायच्या. न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थ गावातला मुलींचा रग्बी क्लब, शनिवारची सकाळ, बाहेर गवत गारठून पांढरं झालेलं आणि आत पुण्याहून बॅगेत घालून आणलेली विळी. मध्यंतरात खेळाडूंना संत्री द्यायची ही इथली जुनी रीत. ती विळीवर कापायची ही ताईंची.

क्लबचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त शिक्षक, भला माणूस. विळी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते दारातच थबकले. या देशात हेल्थ अँड सेफ्टी हे कुलदैवत आहे. मी क्लबची सेक्रेटरी, म्हणून धोक्यांच्या रजिस्टरात नोंद करायचं काम माझ्याकडे आलं. 'जमिनीवर ठेवलेलं उभं पातं,' असं मी लिहिलं. पुढचा रकाना होता, धोका कुणाला? मी ताईंना विचारलं.

"लिही, खोटं बोलणाऱ्याला," त्या म्हणाल्या.

त्या बोलल्या ते काही अगदीच थट्टेने नव्हे. क्लबात येऊ पाहणारी प्रत्येक नवी मुलगी आधी त्या किचनमध्ये जायची. ताई तिच्या हातात संत्री सोलायला द्यायच्या आणि आपल्या पुणेरी इंग्रजीत एकच विचारायच्या, "चूक सांग. मग बघू." कुठली चूक, केव्हाची चूक, काही खुलासा नाही. मुली बिचाऱ्या टॅकल आणि पासची तयारी करून आलेल्या असत.

ताई इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या. पुण्यात कॉलेजच्या दिवसांत जिल्ह्यापर्यंत कबड्डी खेळलेल्या. इथे आल्यावर एका संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना मुलींचा सराव दिसला, सायकल कुंपणाला टेकवली आणि त्यांना वाटलं ते त्यांच्याच शब्दांत, "अगं, ही तर कबड्डीच. नुसता चेंडू मध्ये घुसलाय." त्या दिवसापासून दहाएक वर्षांत त्या संत्रीवाल्या झाल्या, मॅनेजर झाल्या, निवड समितीवर गेल्या. मी दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, आयटीत काम करणारी, एकटी. मला त्यांनीच ओढून आणलं. "तुझ्याकडे लॅपटॉप आहे ना? मग हो सेक्रेटरी." माझा होकार कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

निवडीच्या फॉर्मवर 'कॅरेक्टर' नावाचा रकाना होता, एक ते पाच गुण. ताई तो कोरा सोडायच्या. अध्यक्षांनी एकदा हळूच विचारलं तर म्हणाल्या, "माणूस काय हॉटेल आहे, तारे द्यायला?"

तर गोष्ट टेगनच्या निवडीची.

त्या वर्षी आमची फर्स्ट फाइव्ह लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली. फर्स्ट फाइव्ह म्हणजे दहा नंबरची खेळाडू. चेंडू आधी तिच्या हातात येतो आणि पुढे काय करायचं ते ती ठरवते. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणतात तसंच काहीसं. बाकी चौदा जणी तिच्या डोक्याने धावतात. त्या जागेसाठी दोघी होत्या. एक सोफी. शाळेची हेड गर्ल, वेळेवर येणारी, सगळ्यांशी गोड. दुसरी टेगन. एकोणीस वर्षांची, खेळायला सोफीपेक्षा दुप्पट चांगली, आणि सगळ्या गावाला माहीत असलेली. दोन वर्षांपूर्वी तिने दारू पिऊन गाडी चालवली आणि ती झाडावर घातली. शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा पाय मोडला तो इतका की ती पुन्हा कधी खेळली नाही. टेगन तिला गाडीतच सोडून पळून गेली. कोर्टाने शिक्षा दिली, ती भोगून झाली, पण गावाची अजून चालूच होती.

संत्री सोलताना सोफी म्हणाली, "माझी चूक म्हणजे मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे." ताईंनी तिला दोन फोडी दिल्या आणि घरी पाठवलं.

टेगनने आधी हातातलं संत्रं सोलून संपवलं. मी तिथेच टेबलाशी बसून नावं लिहीत होते. मग ती म्हणाली, "मी पळाले. ती हाका मारत होती. मला ऐकू येत होतं." एवढंच. घाबरले होते, लहान होते, नशेत होते, यातलं एकही तिने पुढे जोडलं नाही. ताईंचा विळीवरचा हात थांबला. मला वाटलं, आता काहीतरी समजुतीचं बोलतील. त्या म्हणाल्या, "बिया काढ नीट."

समितीची बैठक झाली ती वाईट झाली. आम्ही पाच जण. टेगनच्या विरुद्धचा मुद्दा साधा होता आणि मला अजूनही तो चुकीचा वाटत नाही. जी अपघातातून पळाली, ती सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत काय करेल? मीही विरुद्धच मत दिलं. खरं सांगायचं तर माझं कारण रग्बीचं नव्हतं. आपण बाहेरून आलेली माणसं, गाव ज्या मुलीवर चिडलंय तिची बाजू आपण कशाला घ्यायची, हे माझं कारण. बैठकीआधी मी ताईंना ते बोललेही होते. "ताई, लोक म्हणतील ही इंडियन बाई कोण आम्हाला शिकवणारी." त्या म्हणाल्या, "म्हणू देत. मी लॅबमध्ये त्यांचं रक्त तपासते, तेव्हा नाही विचारत कोण ते."

मतं दोन-दोन झाली. उरले अध्यक्ष, आणि त्यांचा स्वभाव सगळ्यांना खूश ठेवण्याचा. तेव्हा ताई उभ्या राहिल्या.

"आमच्या लॅबमध्ये नमुन्यांची अदलाबदल झाली, तर जी आपण होऊन सांगते तिला आम्ही ठेवतो. जी लपवते तिला नाही. आणि मी जो खेळ खेळायचे त्यात बाद झालेली मुलगी आपल्या पायांनी आत येत नाही. आत असलेल्या कुणीतरी जाऊन गुण आणावा लागतो, तेव्हा ती परत येते. मी आत आहे. सेक्रेटरी, लिहून घे. टेगन प्रत्येक सरावाला, प्रत्येक सामन्याला येईल. येता आलं नाही तर स्वतः फोन करेल. ज्या दिवशी ती लपेल, त्या दिवशी तिच्याबरोबर मीही जाईन."

मी लिहून घेतलं. अध्यक्षांनी हात वर केला. टेगन दहा नंबरची झाली.

तुम्ही एखाद्या माणसाला दुसऱ्यावर पैज लावताना जवळून पाहिलं आहे का? बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, लावणाऱ्याचा नाही. टेगन चेंडू घेऊन पळायची तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचे. ताई कमरेवर हात ठेवून मराठीत ओरडायच्या, "अगं डावीकडे बघ, डावीकडे, तिकडे सगळं रान मोकळं आहे." आश्चर्य म्हणजे टेगन डावीकडे बघायची. आम्ही ओळीने सात सामने जिंकलो. जे शहाणे तिच्या नावाने नाक मुरडत होते ते आता तिला कोपर मारून 'स्वीट ॲज', म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास', म्हणायला लागले. ताई म्हणाल्या, "आता हिचं कॅरेक्टर सुधारलं बघ, सातशून्याने."

उपांत्य सामन्याला टेगन आली नाही. फोन बंद. राखीव बसलेल्या सोफीला आयत्या वेळी उभं केलं, पोरीने जीव तोडून प्रयत्न केला, आणि आम्ही वाईट हरलो.

रविवारी टेगन ताईंच्या दारात आली. ताईंनी मला नंतर सांगितलं ते असं. ती पायरीवर उभी राहूनच बोलली. "आदल्या दिवशी प्यायले. सकाळी तुमचा फोन वाजताना पाहिला आणि बंद केला." ताईंनी तिला चहा दिला आणि सांगितलं, "तू क्लबमधून गेलीस. मीही."

सोमवारी त्यांनी राजीनामा दिला. अध्यक्ष मनापासून कळवळले. "अहो, ते तुम्ही बोलण्याच्या भरात म्हणालात. कुणी तुम्हाला त्या शब्दात धरणार नाही."

"मी धरते ना," ताई म्हणाल्या.

त्यांना गाडीतून घरी सोडताना माझ्याच्याने राहवलं नाही. "मी तुम्हाला सांगत होते, ताई."

"सांगत होतीस. आणि तुझंच खरं झालं," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "उद्या परत निवड असली ना, तर मी परत तिलाच घेईन."

मला राग आला. दहा वर्षं ज्या जागेवर त्यांनी जीव टाकला ती एका दारुड्या पोरीपायी घालवली आणि वर हा ताठा. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्या वर्षाअखेरीस ताईंनी ख्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलात बदली घेतली आणि तिथे असलेल्या आपल्या मुलाकडे राहायला गेल्या.

पुढच्या हंगामात तासाभराच्या अंतरावरच्या एका शेतकरी वस्तीचा संघ आमच्याशी खेळायला आला. दहा नंबरला टेगन. शेवटच्या मिनिटाला तिच्यापुढे सोपी किक होती, गोलच्या खांबांच्या अगदी समोर. तिची ती हुकली आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. मी तिच्याकडे बघत होते. शिट्टी वाजल्यावर आमच्या रांगेपाशी हात मिळवायला सगळ्यांत आधी तीच आली. मग ती आपल्या संघाकडे गेली, आणि "चूक माझी होती," असं त्यांना सांगताना मी तिला ऐकलं.

क्लबमध्ये चहा घेताना त्यांच्या कोचशी गाठ पडली. गायी पाळणारा, गंबूट घातलेला माणूस. मी सेक्रेटरी म्हटल्यावर त्याला आठवलं. "टेगनला घेताना मी तुमच्या क्लबला विचारलं होतं. तुमचं उत्तर आलं, फार सभ्य होतं. वाचून मला काहीच कळलं नाही." ते ईमेल मीच लिहिलं होतं. टेगनबद्दल त्यात चांगलं नव्हतं, वाईटही नव्हतं.

"मग घेतलंत कसं?" मी विचारलं.

त्याने फोनवर एक पत्र दाखवलं. ताईंचं, ख्राइस्टचर्चहून आलेलं. 'ही मुलगी दोनदा चुकली. पहिल्या वेळी एका मुलीचा पाय गेला. दुसऱ्या वेळी माझी जागा गेली. दोन्ही गोष्टी मला तिनेच सांगितल्या. तिला घ्या. तिसऱ्यांदा चुकली तर मला फोन करा, मी विमानाने येईन.' खाली नंबर होता.

"केलात कधी फोन?" मी विचारलं.

"अजून नाही," तो म्हणाला. "पण बाई दर रविवारी मला करतात. स्कोअर सोडून सगळं विचारतात."