चिंधी बांधलेलं वांगं

आमच्या आतोबांइतका भाज्यांवर जीव लावणारा माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांच्या बागेतली भाजी पोटात गेलेला माणूसही सापडणार नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सिंचन खात्यात उभी नोकरी दुसऱ्यांच्या शेतात पाणी सोडण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या चार वाफ्यांवर त्यांनी उरलेला सगळा जोर लावला. गणपती उठले की वांग्या-टमाटरची रोपं, दसऱ्याला फुलकोबी, दिवाळीच्या पणत्या विझायच्या आत मेथी, पालक, मुळे आणि सांबार. पुण्याकडची मंडळी ज्याला कोथिंबीर म्हणतात तो सांबार. तिकडे तो निदान खातात तरी. आतोबांच्या घरी आधी बाग बघायची आणि मग पाणी मागायचं, असा नियम होता. "पहले बगीचा, बाद में चाय," असं ते कुलरच्या मेकॅनिकलाही सांगत. माझ्या बहिणीला बघायला लालबर्ऱ्याची मंडळी आत्याकडेच आली होती, ती पाऊण तास फुलकोबी बघत उभी राहिली. लग्न जमलं. त्यातला कोबीचा वाटा आतोबा अजून सोडायला तयार नाहीत.

पौषात थंडी कडक पडली की घरातली पांघरुणं एकेक करून वाफ्यांवर जात. एका वर्षी आत्याची नवी शालही कोबीवर गेली. "मले बी थंडी वाजते जी," आत्या म्हणाली. आतोबा शांतपणे म्हणाले, "तू घरात जाऊ शकते. कोबी कुठं जाईन?" आत्या पुढं काही बोलेपर्यंत ऐकणारा माणूस मुळ्यांपाशी पोचला होता.

तोडायचा विषय मात्र काढायचा नाही. मेथी कोवळी असली की "वाढू दे थोडी", वाढली की "दोन दिस थांब", आणि दोन दिवसांनी तिला फुलं आली की, "आता बियाण्यालेच ठेवू." अशा रीतीनं अख्खी बाग दर हिवाळ्यात बियाण्याला जाई आणि आत्या पिशवी घेऊन बाजारात. तीही पिशवी पुढच्या दारानं आणायची. "मागून नको आणू, वाफ्यायले वाईट वाटते," अशी आतोबांची ताकीद होती.

वांग्यांचं तर विचारूच नका. त्यांचं बी आत्याच्या माहेरचं, राजेगावकडचं. लग्न होऊन आली तेव्हा पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. हिरवट, थोराड, खास भरताची वांगी. आमच्याकडे रीत अशी की झाडावरचं एक देखणं वांगं बियाण्याला राखायचं आणि कुणी चुकून तोडू नये म्हणून त्याच्या देठाला चिंधी बांधायची. एकाला. आतोबांना मात्र कालच्यापेक्षा आज दुसरंच देखणं वाटे. डिसेंबर संपेपर्यंत झाडं नवसाला बांधल्यासारखी दिसत. चिंध्या आत्याच्या जुन्या लुगड्यांच्या, आणि फाडून द्यायचं कामही तिचंच. "लुगडं माह्यं, बी माह्या माहेरचं, अन् भरीत मातर बाजारचं," असं म्हणत ती फाडत असे.

गेल्या हिवाळ्यात आत्या आजारी पडली. खाणं जवळजवळ सुटलं. काय खाशील म्हणून विचारून आम्ही थकलो होतो, आणि एक दिवस ती आपणहून म्हणाली, "घरच्या वांग्याचं भरीत खावं वाटून राह्यलं." आतोबा चप्पल न घालता बागेत धावले. मागोमाग मी. ते एका झाडाकडून दुसऱ्याकडे जात होते आणि हात मागे घेत होते. एकूण एक वांग्याला चिंधी होती आणि एकूण एक वांगं पिकून पिवळं, दगडासारखं झालं होतं. खाण्याजोगं कोवळं एकही नव्हतं. त्या क्षणी मला त्या माणसाचा भयंकर राग आला. मग त्यांचा चेहरा बघितला आणि राग टिकला नाही.

त्यातल्या त्यात बरं दिसणाऱ्या एकाची चिंधी त्यांनी सोडली. शेगडीवर स्वतः भाजलं, स्वतः कुस्करलं. आत्यानं दोन घास खाल्ले. "बिया लय हायेत," ती म्हणाली. मग आतोबांकडे बघून म्हणाली, "पण चव आमच्या गावचीच हाये जी."

माघात आत्या गेली. आतोबांनी नंतर बागेकडे पाहिलंच नाही. चिंध्या बांधलेली वांगी झाडावरच सुकली, गळली, सडली. बी कुणी काढलं नाही. पावसाळ्यात तिथंच आपोआप रोपं उगवली तेव्हा कुठे आतोबा पुन्हा झारी घेऊन उठले.

या वर्षी बालाघाटातली आमची सगळी गल्ली भरीत खाते आहे. वांगं मुठीएवढं झालं की आतोबा ते तोडून कुणाच्या तरी दारात उभे. "कोवळं हाये. आजच करा, ठेवू नका." मेथी तर पाचव्या पानालाच वाटून टाकली. गल्ली खूश आहे. मला मात्र घास गोड लागेना. एकाही झाडावर चिंधी नव्हती. पदराच्या गाठीतून आलेलं ते बी या हिवाळ्यात भरतातच संपणार होतं, आणि हे त्यांना सांगायची माझी छाती होत नव्हती.

रविवारी सकाळी आतोबा पुढच्या अंगणात आहेत असं बघून मी मागे गेलो. कुंपणाच्या तारेला गेल्या वर्षीची एक चिंधी अडकून राहिली होती, जांभळ्या लुगड्याची, उन्हानं विटलेली. ती काढली आणि कोपऱ्यातल्या एका वांग्याला बांधली. वळलो तर मागे आतोबा.

आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. ते चिंधीकडे बघत राहिले. झारी खाली ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"लय घट्ट बांधली बाबू," ते म्हणाले. "ढिली कर थोडी. अजून वाढते ते."