चाकाची थयथय

घाबरट माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण आमच्या साडूंइतका घाबरट माणूस उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि वेगानं पळणाऱ्या गाड्या त्यांच्याइतक्या चांगल्या तयार करणाराही दुसरा नसेल. या दोन गोष्टी एकाच अंगात कशा राहतात याचा विचार मी लग्न झाल्यापासून करतोय. साडू एस.टी.त चढायच्या आधी गाडीला एक पूर्ण प्रदक्षिणा घालतात, सगळे टायर पायानं दाबून बघतात आणि एखादा मनास आला नाही तर पुढच्या एस.टी.ची वाट बघत उभे राहतात. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघतात, कुलूप चारदा ओढतात, आणि पाचव्यांदा ओढून झालं की ओढून ओढून ते ढिलं तर झालं नसेल ना, ही नवी काळजी बरोबर घेऊन निघतात. मी त्यांच्या नागापूरच्या घरून कर्जतला परत निघालो की अर्ध्या तासात फोन. "पाव्हणं, कुठवर आला?" मी म्हणायचं, "दाजी, गाडी चालवतोय." त्यावर, "मग फोन कशाला उचलला?" आणि फोन बंद. पुढच्या वेळी उचलला नाही की माझ्या बायकोला फोन, "पाव्हणं फोन उचलीनात. काय झालं आसंल?"

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे, यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते नागापूरच्या एमआयडीसीत रबराचे भाग ओतणाऱ्या एका कारखान्यात साच्यावर कामाला आहेत, आणि घरामागं त्यांचं पत्र्याचं शेड आहे. त्या शेडसमोर सुट्टीच्या दिवशी पुण्या-नाशकाच्या पोरांच्या रंगीबेरंगी गाड्या लागतात. सगळ्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या, सगळ्यांना ताकद वाढवायला वरून टर्बो बसवलेला, आणि सगळ्यांची तक्रार एकच. जागेवरून जोरात सुटायला गेलं की पुढची चाकं नुसती घसरत नाहीत, उड्या मारतात. धड-धड-धड करून पुढचा सगळा भाग हादरतो, स्टिअरिंग हातातून निसटायला बघतं, आणि तरी पोरानं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही तर शेवटी गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा दांडा मोडतो. पोरं याला इंग्रजी नावं घेतात. साडू त्याला थयथय म्हणतात. "चाकाला थयथय लागलीय," असं ते अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात कुणाला ताप भरलाय.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आईवडील ऊसतोडीला कोपरगावच्या बाजूला जायचे, आणि मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, आज हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. हे मी सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे. त्यामुळं थयथय म्हणजे काय ते साडूंना समजावून सांगणं माझं कर्तव्य आहे, असं मला सुरुवातीला वाटलं. मी म्हटलं, दाजी, फळ्यावर खडू लांब आणि उभा धरून रेघ ओढली तर सरळ रेघ न उमटता टिंबं टिंबं उमटतात. खडू फळ्याला चिकटतो, वाकतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. तुमचा टायर हेच करतो. रस्ता धरतो, पीळ खातो, सुटतो, पुन्हा धरतो. साडूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. मग खडूची थयथय तुमी कशी थांबिवता?" मी म्हटलं, आखूड धरतो, घट्ट धरतो, जरा तिरका करतो. "झालं की मग. मी पन तेच करतो. खडू आखूड धरतो." एवढं बोलून ते पुन्हा गाडीखाली गेले. माझ्या पदवीचा त्यांना झालेला हा पहिला आणि बहुधा शेवटचा उपयोग.

आखूड धरणं म्हणजे जिथं जिथं रबर पीळ खातं तिथं तिथं त्याला खाऊ न देणं. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं ते पाय, चाकाला धरणाऱ्या आर्मच्या सांध्यातले रबरी बुश, हे सगळं साडू स्वतः ओततात. रबराच्या पोकळ्यांत दोन रसायनं कालवून ओतायची आणि ते कडक व्हायला उन्हात ठेवायचं. आता नागापुरात एवढं चांगलं ऊन घराच्या गच्चीवरच, आणि गच्चीवर चैत्रात आक्कांच्या कुरडया. एका चादरीवर पांढऱ्या कुरडया, शेजारच्या चादरीवर काळ्या-पिवळ्या इंजिनाच्या पायांची रांग, आणि दोन्हींवर कावळे बसू नयेत म्हणून साडू छत्री घेऊन मधोमध. आक्का म्हणायच्या, "एक दिवस तुमचंच तळून पानात वाढनार हाय मी." साडू गंभीरपणे सांगायचे, "तळू नको. विषारी हाय."

एकदा त्यांनी स्वतःच्या गाडीचं सगळंच्या सगळं रबर काढून कडक माल भरला. थयथय गेली, पण इंजिनची प्रत्येक थरथर थेट माणसाच्या हाडांत यायला लागली. त्या गाडीतून आक्का एका साखरपुड्याला निघाल्या, मांडीवर दह्याचा डबा घेऊन. राहुरीपर्यंत त्यांच्या कानातले वेल सुटले, कार्यालयात पोचून डबा उघडला तर वर लोण्याचा गोळा आलेला. आक्का चार दिवस बोलल्या नाहीत. साडूंना मात्र त्या लोण्यानं मोठा धडा दिला. ते म्हणाले, "पाव्हणं, सगळंच आवळून चालत न्हाई. इंजिन मागं-पुढं झोका घेतं तो एक पाय कडक करायचा, बाकीच्यांना मऊ ऱ्हाऊ द्यायचं. मानसानं एका ठिकानी कडक आसावं." मग त्यांना मागच्या बाजूची काळजी लागली. गाडी सुटताना मागं बूड टेकते आणि पुढची चाकं हलकी होतात, तर पुढं किती भार उरतो? हे कळावं म्हणून गाळप बंद असलेल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, जिथं उसाच्या ट्रॉल्या मोजतात तिथं, ते गाडी घेऊन गेले. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. काटेवाला म्हणाला, "मालक, ऊस कुठाय?" साडू म्हणाले, "ऊस न्हाई, पोरगी हाय. तिच्यासकट मोजा."

पोरगी म्हणजे आरती, साडूंची एकुलती एक. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ही मुलगी शेडमध्येच वाढली. साडू पोटावर झोपून, गाल जमिनीला लावून चाकाकडं बघायचे आणि वरून क्लच सोडायला आरती. "सोड. आजून हळू. ऐकलं का? आत्ता धडकलं." "नाही बाबा." "नीट ऐक की. पायाला लागतं आधी, कानाला मागनं." तासन्तास हेच. त्यातूनच एक दिवस ती म्हणाली की बापाच्या त्या लाल गाडीतून ती स्पर्धेत उतरणार. पुण्याच्या एका मंडळानं कर्जतच्या अलीकडं, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारातला सरळ रस्ता घेतला होता. दोन-दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, निशाण पडलं की सुटायचं, जो पुढं तो पुढच्या फेरीत.

साडूंची भूक त्या दिवसापासून गेली. त्यांनी नाही म्हणून बघितलं. आरती म्हणाली, "ठीक आहे बाबा, मग मी दुसऱ्या कुणाची तरी गाडी चालवते." दुसऱ्या कुणाच्या तरी हातचे बुश घातलेल्या गाडीत आपली पोरगी, हे चित्र साडूंना सोसण्यासारखं नव्हतं. त्यांनी गाडी पुन्हा पहिल्यापासून उघडली. इकडं आक्कांनी मला गाठलं. "तुमी शिकलेले हाव. मला यातलं काय बी कळत न्हाई. तुमी सांगा, काय होनार न्हाई ना तिला?" मी म्हटलं, "काही होणार नाही, आक्का. पूर्ण सुरक्षित आहे." हे मी कशाच्या आधारावर म्हटलं, ते मला आजही सांगता यायचं नाही. शिकलेल्या माणसाला 'माहीत नाही' म्हणणं जड जातं. पण ते वाक्य तोंडातून गेलं, आणि साडूंच्या घरातली अर्धी काळजी माझ्या घरी राहायला आली. वर्गात गतीचे नियम शिकवताना मला तो दांडा मोडताना दिसायचा.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाचटाच्या गठड्या लावल्या होत्या, एक ॲम्ब्युलन्स होती, आणि साडूंनी त्या ॲम्ब्युलन्सचेही टायर दाबून बघितले. पहिल्या दोन फेऱ्या आरती सहज जिंकली. गाडी अशी सुटली जशी कुणी दोरीनं ओढून नेली. ना धडधड, ना स्टिअरिंगला झटका. पुण्याची पोरं येऊन साडूंच्या हातात हात देऊन गेली. मी आक्कांना फोन करून सांगितलं, बघा, म्हटलं नव्हतं मी? एवढं होऊनही साडू काही हसेनात. ते सारखे खाली वाकून रस्त्याला तळहात लावत होते.

"पाव्हणं, दुपार झाली."

"मग?"

"सकाळी रस्ता गार हुता. आता तापलाय, वर टायरचं रबर बसलंय त्याच्यावर. आता लई धरतोय."

"धरतोय ते चांगलंच की."

"घसरनाऱ्याला थयथय नसती हो. धरनाऱ्यालाच आसती. टायरची हवा बघायची ऱ्हायली माझी."

तेवढ्यात तिसऱ्या फेरीसाठी नावं पुकारली. साडू निघाले, पण गठड्यांच्या पलीकडं माणसांना सोडत नव्हते. "एक मिनिट, साहेब, नुसती हवा बघतो," असं ते त्या पट्टेवाल्या जॅकेटमधल्या पोराला तीनदा म्हणाले. आरतीचा पट्टा लागला होता, हेल्मेट चढलं होतं, तिला इकडचं काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. साडू परत माझ्याशेजारी आले आणि त्यांनी रस्त्याकडं पाठ केली. दोन्ही हात पाचटाच्या गठडीवर ठेवून, मान खाली घालून उभे राहिले. मी म्हटलं, "दाजी, बघा तरी." ते म्हणाले, "तुमी बघा."

निशाण पडलं. दोन्ही गाड्या सुटल्या, आणि आरतीची अर्धी गाडी पुढं होती. मग तिनं गिअर बदलला आणि तो आवाज आला. धड. धड-धड. लाल गाडीचं तोंड थरथरायला लागलेलं मला दिसलं. मला आक्कांना दिलेला शब्द आठवला. पुढच्या क्षणी आवाज बंद झाला. गाडी जरा खाली बसल्यासारखी झाली, श्वास घेतल्यासारखी, आणि मग हळू, अगदी सरळ, पुढं निघाली. तेवढ्यात शेजारची गाडी कुठल्या कुठं गेली होती. आरती हरली.

"उचलला तिनं पाय," साडू पाठमोरेच म्हणाले, आणि त्या गठडीवरच बसले.

आमच्या शेजारी गॉगल लावलेला एक पोरगा उभा होता. सकाळी साडूंच्या हातात हात देऊन गेलेल्यांपैकीच. तो म्हणाला, "काय काका, जिंकलेली रेस घालवली. अजून दोन सेकंद दाबून धरलं असतं ना, होती तुमचीच. पोरगी घाबरली राव."

साडूंनी मान वर केली. या माणसाला इतक्या वर्षांत कुणाला ठसक्यात उत्तर देताना मी पाहिलं नव्हतं. "व्हय," ते म्हणाले, "घाबरली. लहानपनापासनं शिकीवलंय तिला."

आरती गाडी घेऊन आली, हेल्मेट काढलं. मला वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, "बाबा, दुसऱ्या गिअरला लागलं. डाव्या बाजूचं आधी." साडू म्हणाले, "व्हय, डावंच." मग दोघं बराच वेळ गाडीच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसून बोलत होते, आणि मी लांब उभा राहून आक्कांना फोन लावला. "हरली," मी म्हटलं. पलीकडून आक्कांचा एवढा मोठा सुस्कारा आला, की नगर जिल्ह्यात हरल्याची बातमी इतक्या आनंदानं कुणी ऐकली नसेल.

परत निघताना गाडी आरतीनंच चालवली. साडू तिच्या शेजारी, आणि आक्कांना तोंड दाखवायचं होतं म्हणून मी मागं. मिरजगावच्या पुढं गेल्यावर मला वाटलं आता हे काहीतरी सूचना करतील, म्हणून मी कान दिला, तर घोरण्याचा बारीक आवाज. मान काचेला टेकलेली, तोंड उघडं. मी काहीतरी बोलायला गेलो तशी आरती आरशातून म्हणाली, "काका, हळू. बाबा झोपलेत." आणि तिनं वेग कमी केला. खड्डा आला की ती गाडी जवळजवळ थांबवायची, मग सावकाश चाक खाली सोडायची. उन्हं उतरली होती. मागून येणारे टेम्पो हॉर्न वाजवत निघून गेले, एक ट्रॅक्टरसुद्धा पुढं गेला आणि त्यावरच्या माणसानं त्या रंगीत, रुंद चाकांच्या गाडीकडं वळून वळून पाहिलं.

आता ती चेन्नईला असते, गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एका कंपनीत. साडूंचा तिला रोज फोन असतो, आणि ती चालवत असली की तो उचलत नाही, याचं त्यांना समाधानही असतं आणि काळजीही. मला कधी त्या दोघांची आठवण आली की ती स्पर्धा, ते शेड, ती गच्ची काही आठवत नाही. तो परतीचा रस्ता आठवतो. चाळिसाच्या वर काटा गेला नव्हता. नागापूर आलं तरी तिनं फाटकाबाहेर इंजिन चालूच ठेवलं, कारण बंद केलं तर ते जागे झाले असते. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.