आधी एक घास

कोल्हारला लेकीच्या घरी मला खिडकीजवळचा पलंग दिला होता. डोक्यावर पंखा, उशाला पाण्याचा तांब्या. तरी माझा जीव एका जागी बसत नव्हता. डोळ्यावर काळा चष्मा. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही, असं डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

त्यांचाही दोष नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन सकाळी झालं आणि संध्याकाळी मी पट्टी बांधलेल्या डोळ्याने आमच्या शेडमध्ये जाऊन कुत्र्यांना जेवायला घातलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना बाईंना पट्टीच्या कडेला भुरका केस सापडला. त्यांनी तो चिमट्यात धरून उजेडात बघितला.

"आजोबा, तुम्हाला डोळा पाहिजे का कुत्री?"

मी म्हटलं, "दोनी."

मग त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. लेकीकडे वळून म्हणाल्या, "यांना लांब घेऊन जा."

आता कुत्र्यांचं सांगतो. संगमनेर सोडून पुण्याच्या रस्त्याला थोडं पुढं आलं की आत आमचं रान आहे, तिथं माझी पोल्ट्री होती. कोंबड्या मी स्वतः बंद केल्या, कुणी बंद पाडल्या नाहीत. रिकामी शेड तशीच उभी होती. गावातले एक दातांचे डॉक्टर बायकापोरं घेऊन भंडारदऱ्याला निघाले, तर तिकडच्या हॉटेलवाल्याने कुत्रं घेऊ नका म्हणून सांगितलं. माझी दाढ त्यांनीच काढलेली. मी म्हटलं, ठेवा माझ्याकडं. परत आले तर कुत्रं गाडीत चढेना. त्यांनी ते दहा जणांना सांगितलं, त्या दहांनी आणखी कुणाला. लोकांना लग्न असतं, देवदर्शन असतं, लेकाकडं परदेशी जायचं असतं. कुत्रं न्यायचं कुठं? माझ्याकडं. मी शेडमध्ये जाळ्या मारून खोल्या पाडल्या आणि बघता बघता सुट्ट्यांच्या दिवसांत जागा पुरेनाशी झाली.

मी शाळा चौथीत सोडली. हिशेब तोंडी, कुत्री तोंडपाठ. कोणतं फटाक्याला भितं, कोणतं दुसऱ्याच्या भांड्यात तोंड घालतं, कोणाला अंड्याने खाज सुटते, सगळं माझ्या डोक्यात. आणि जेवण मीच घालायचो. भांडी समोर ठेवायची. "थांब." सगळी बसायची, लाळ गळायची, पण एकही तोंड घालायचं नाही. मग मी म्हणायचो, "घे." माझ्या तोंडून "घे" निघाल्याशिवाय आमच्याकडं कुत्रं खात नाही, हे मी येणाऱ्या गिऱ्हाइकाला हौसेने दाखवायचो. लोक मोबाईलवर शूटिंग करायचे.

सूनबाईला हेच पटत नव्हतं. पोरगी कॉमर्स शिकलेली, अकोल्याकडची, हुशार. माझा मुलगा दुधाच्या टँकरवर, घरी कमी, म्हणून धंदा तिने आणि मी बघायचा. तिने आल्याआल्या लस टोचल्याचा कागद बघितल्याशिवाय कुत्रं आत घेणं बंद केलं. पट्ट्याला रंगीत दोऱ्या बांधल्या, लाल म्हणजे चावरं, पिवळी म्हणजे औषधाचं. पांढरा फळा टांगला. कॅमेरे लावले, म्हणजे मालकाला पुण्यात बसून आपलं कुत्रं बघता यावं. कॅमेऱ्यावरून आमचं चांगलंच वाजलं.

मी म्हटलं, "माझ्यावर पाळत ठेवायची हाय का?"

"मामा, पाळत कुत्र्यांवर आहे. तुमी मधी येता त्याला मी काय करू?"

मग तिने हाताखाली एक बाई घेतली. गावातल्या ख्रिस्ती वस्तीतली, पन्नाशीची, आधी एका दवाखान्यात आया होती. मी सुनेला बाईच्या देखतच म्हटलं, "हिने माणसं सांभाळलीत, कुत्री न्हाई."

बाई झाडू मारता मारता म्हणाली, "माणसं बी चावत्यात, बाबा. आन त्येंला पट्टा बी नसतो."

तिला मी झाडलोट दिली, आंघोळी दिल्या. जेवण दिलं नाही. सून सारखी म्हणायची, मामा, दिवाळीला चाळीस कुत्री येणार, तुम्ही एकटे कुठवर पुरणार, शिकवा की. मी म्हणायचो, शिकवीन. ते शिकवणं काही झालं नाही.

तर कोल्हारला पहिल्या संध्याकाळी मी फोन लावला.

"जेवली का?"

"जेवली, मामा. तुमी झोपा."

लगेच जेवली म्हणते! कोण जेवलं, कुणी उरवलं, काही नाही. मला झोप आली नाही. सकाळी जेवणाच्या वेळेला पुन्हा फोन लावला. सून "हां मामा, हां मामा" करत होती आणि मी तिच्या पाठीमागचा आवाज ऐकत होतो. जेवण चालू असलं की आमच्या शेडमध्ये स्टीलची भांडी फरशीवर सरकतात, खरखर आवाज होतो. तो आवाज नव्हता. कुत्री नुसती कुईकुई करत होती.

लेक अंगणात धुणं वाळत घालत होती. मी मागच्या दाराने निघालो. रस्त्यावर काळी-पिवळी उभी होती, चढलो. नको म्हणून सांगितलेली सगळी धूळ त्या जीपने माझ्या तोंडावर उडवली. रुमाल चष्म्यावर दाबून बसलो. लोणीत पोचतोय तोवर लेकीचा फोन.

"आण्णा, कुठं हाय?"

"हितंच."

"हितं म्हंजी?"

"लोणीत."

तिने मला जे ऐकवलं ते बापाला ऐकवायचं नसतं. शेजारचा गडी हसला. मी फोन खिशात टाकला.

शेडच्या फाटकाशी पोचलो तर सुनेने मला बघून आतून कडीच घातली.

"मामा, आत यायचं नाही."

"शेड माझी हाय."

"डोळा पण तुमचाच आहे."

"कोण जेवलं न्हाई ते सांग."

मग तिने सांगितलं. नवी होती ती थोडीफार जेवली. जुनी, माझ्या हाताची, भांड्यासमोर बसून राहिली. बाईने "घे" म्हटलं, सुनेने म्हटलं. शूटिंगमधला माझा आवाज मोबाईलवर लावला, तर कुत्र्यांनी मोबाईलच्या मागं जाऊन मला शोधलं आणि परत येऊन बसली.

मी म्हटलं, एखादी वेळ उपाशी राहून कुत्रं मरत नाही. वरवर म्हटलं. आतून मला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

"लॅब पण नाही जेवली," ती म्हणाली.

तेव्हा माझं बरं वाटणं गेलं. ती लॅब, म्हणजे लॅब्राडोर कुत्री, एका म्हाताऱ्या मास्तर-मास्तरीणबाईंची. त्यांना मूल नाही, मूल म्हणजे तीच. कुत्रीला शुगर. दोन वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन, पण ते पोटात अन्न गेल्यावरच. उपाशीपोटी दिलं तर शुगर एकदम खाली जाऊन जिवावर बेततं. काल रात्रीपासून तिने तोंड लावलं नव्हतं आणि इंजेक्शन राहिलं होतं. जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले होते, दुपारपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या, सलाईन लावावं लागेल, वय झालंय, खात्री देत नाही.

"कडी काढ," मी म्हटलं.

"तुमी आज घालाल. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी?"

"दुसरा करतच न्हाई."

"मग दिसायचं बंद झाल्यावर?"

"आंधळा झालो तरी घालीन!"

"आणि मामा," ती थांबली. पुढचं बोलायची गरज नव्हती. माझं वय काय, तिला माहीत, मला माहीत.

मी फाटकाला धरून उभा. उन्हात डोळ्याला पाणी येत होतं. आतून लॅबची जाळी दिसत होती, म्हणजे ऑपरेशनच्या डोळ्याला जरा दिसत होती, दुसऱ्याला नुसता पिवळट ढग. ती मला ओळखून उठली होती. शेपटी जाळीवर आपटत होती. एक शब्द टाकला असता की झालं. मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात बाई आतून ओरडत आली.

"ताई, कॅमेरा बघा! बाबांचं जुनं शूटिंग बघा!"

सकाळपासून दोघी त्याच नादात होत्या. आमच्याकडून राहतंय काय, म्हणून कॅमेऱ्यातलं मागचं जेवण काढून बघत होत्या. सुनेने मोबाईल फाटकाच्या गजातून माझ्यापुढं धरला. मला त्यात पांढरी टोपी दिसली, बाकी धुरकट.

"मामा, हे बघा. 'थांब' म्हणालात. आता काय केलंत?"

"काय केलं?"

"भांड्यातलं चिमूटभर उचलून तोंडात टाकलंत."

"मी? कुत्र्याचं जेवण? येडी का काय!"

"हे परवाचं. हे त्याच्या आधीचं. हे बघा, हे पण. प्रत्येक भांड्यातलं. खाता, मान हलवता, मग 'घे' म्हणता."

बाई म्हणाली, "पाहुन्याला वाढायच्या आधी आचारी चाखतो तसं, बाबा."

मी म्हणणार होतो, खोटं आहे. पण आचारी म्हटल्यावर मला आठवलं. सुरुवातीला कुत्र्यांच्या भाकरी थापायला दुसरी एक बाई ठेवली होती, तिने माणसांच्या सवयीने पिठात मीठ टाकलं होतं. कुत्र्याला मीठ वाईट. तेव्हापासून मी चाखायला लागलो. ती बाई गेली, मिठाचा डबा शेडमधून गेला, पण माझा हात काही थांबला नाही आणि मला ते कळलंही नाही. कुत्र्यांना कळलं. ती माझ्या तोंडाकडं बघत बसायची. मी एवढी वर्षं समजत होतो, माझ्या शब्दाला मान देतात.

सून लॅबचं भांडं घेऊन आली. आणि अडली. तिचं माहेर माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. भांड्यात उकडलेलं चिकन कुस्करलेलं. तिने भांड्याकडं बघितलं, माळेला हात लावला, डोळे मिटले. खरंच खाल्लं असतं तिने.

मीच ओरडलो, "तू नगं! माळ हाय."

"मग कोण?"

लॅब बसली होती. मला कडी काढ म्हणता आलं असतं, आता सून काढणारही होती. बाई पदराला हात पुसत माझ्या तोंडाकडं बघत होती, कुत्र्यासारखीच, हुकमाची वाट बघत. माझ्याने तिला नीट सांगवलं नाही. फाटकाबाहेरून एवढंच म्हटलं, "दे तिच्याकडं. तुकडा बारका घे म्हनावं. आन मान हालव."

बाईने भांडं ठेवलं. "थांब" म्हणाली. चिमूट उचलून तोंडात टाकली, चावली, तोंड वाकडं केलं.

"मीठ न्हाई ह्याला."

"नसतंच! मान हालव!"

तिने मान हलवली. "घे."

लॅबने एकदा माझ्याकडं बघितलं. मी तोंड फिरवलं. पाठ करून रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिलो, उसाचा ट्रॅक्टर गेला, एसटी गेली. मग पाठीमागं भांडं फरशीवर सरकल्याचा आवाज आला. खरखर, खरखर. सुनेने इंजेक्शन भरलं असावं, कारण ती म्हणाली, "धरा हो मान तिची." ते बाईला म्हणाली.

मला कुणी काही म्हणालं नाही. चहा दिला, तोही फाटकाच्या बाहेर. सुनेने फळ्यावर नवी ओळ लिहिली आणि वाचून दाखवली, "घे म्हणण्याआधी स्वतः एक घास खाणे."

मी म्हटलं, "कारन लिही."

"काय कारण?"

"मीठ बघायला. कारन न लिवता काम सांगितलं की मानूस चार दिवस करतो आन सोडतो."

तिने लिहिलं. मग म्हणाली, "मामा, असं आणखी काय काय आहे तुमच्याकडं, न सांगितलेलं?"

मला काय माहीत! माहीत असतं तर सांगितलं नसतं का.

जावई मोटरसायकल घेऊन आलाच होता. मला मागं बसवून कोल्हारला घेऊन आला, तिथं लेक दोन दिवसांचं एकदम बोलली. संध्याकाळी जेवणाची वेळ झाली तशी मी पलंगावरून उठलो, बसलो, दारापर्यंत जाऊन आलो. लेक मोबाईल घेऊन आली.

"शेडचा कॅमेरा लावून दिऊ का, आण्णा?"

"नगं."

ती वळली.

"आन इकडं."

तिने लावून दिला. मी ऑपरेशनच्या डोळ्याजवळ धरला, मग लांब धरला. धुरकटच. जाळ्या दिसल्या, खाली भुरके गोळे ओळीने बसलेले दिसले. त्यांच्यासमोर कुणीतरी वाकलं. उभं राहिलं. हात तोंडाकडं गेला.

"कोन हाय गं ते?" मी विचारलं.

"बाई हाय, आण्णा. तुमी तर हितं."

"म्हाईत हाय मला," मी म्हटलं, आणि मोबाईल कानाजवळ नेला, भांड्यांचा आवाज येतो का बघायला.