कोंडाजीभावजींची वई

आमचे चुलतदीर कोंडाजी दसऱ्याला दांडपट्टा खेळतात. माणसाच्या पोटावरचे लिंबू चिरतात, कातडीला ओरखडा नाही. तेच भावजी दरसाल पावसाआधी करवंदीच्या काट्यांची वई, म्हणजे कुंपण, घालताना ती शेजारच्या विधवा ठमाबाईच्या वाडीत वीतभर सरकवतात. यंदा तिचा फणस आत घेतला. फणस विकूनच ती आगोटीची, पावसाळ्यापुरती मीठमिरची भरते.

ती म्हणाली, "दादा, झाड माझ्या सासऱ्यानं लावलेलं हाय."

"मग त्यालाच बोलव गो," भावजी हसले. सासरा वारून दहा वर्षे झाली. मला किळस आली.

आज दसरा; देवळापुढे पट्टा ओवाळायचा मान माझा. ओवाळल्याशिवाय खेळ नाही. मी म्हटले, "आधी वई मागे घ्या."

"नंतर बघू, वहिनी."

मी तबक देवीपुढे ठेवले नि घरी आले.