घोड्याचं मांस

माझी जागा ज्याला द्यायची होती, त्याला तीन महिने शिकवून मग निघायचं, असं कंपनीनं सांगितलं. सौदायझेशन, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घ्यायचं धोरण, सुरू झाल्यापासून आमच्या प्लँटवरचे बरेच जण असेच गेले होते. हा तरुण जवळच्याच कतीफचा, चोवीस वर्षांचा, कामात चोख. राग धरावा असं त्याच्यात काही नव्हतं, त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

एकदा कँटीनमध्ये जेवताना त्यानं विचारलं, "तुमच्या घरातून इकडे आलेले तुम्ही पहिलेच?"

"माझ्या आजोबांचा थोरला भाऊ आला होता. इथे नाही, वर इराकात, बसऱ्याला. इंग्रजांच्या फौजेतून."

मग मी त्याला सगळं सांगितलं.

आमचं गाव साताऱ्याकडचं. पहिल्या महायुद्धात आठवडी बाजारात भरतीवाले आले, थोरल्याची छाती मोजली आणि नाव लिहून घेतलं. तो एकोणीस वर्षांचा. शीळ घालून म्हशींना डोंगरावरून खाली बोलवायचा, एवढीच त्याची गावात ख्याती. शेजारच्या आळीतला मित्रही बरोबर गेला. बसऱ्याच्या वर नदीकाठी त्यांची पलटण तुर्कांच्या वेढ्यात अडकली. हिवाळा सरला तरी वेढा उठेना. धान्य संपत आलं, तेव्हा साहेबांनी घोडे कापायला लावले.

सुरुवातीला बऱ्याच जणांनी ते मांस नाकारलं. काही दिवसांनी मित्र खायला लागला आणि थोरल्यालाही विनवू लागला.

"गावात कळलं तर वाळीत टाकतील," थोरला म्हणाला. "बहिणीचं लग्न व्हायचंय अजून."

"कोण सांगणार आहे गावाला?"

"निम्मी पलटण आपल्याकडचीच आहे."

मूठभर पीठ आणि नदीकाठचा पाला, यावर तो राहिला. हिरड्या सुजल्या, पाय उचलेनात. शेवटी मित्रानं मांस उकळून त्याचं पाणी ओठांना लावलं. त्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

मित्र कैदेतून वाचून परत आला. थोरल्याच्या आईला त्यानं सांगितलं, "गोळी लागली. लगेच गेला." ती माउली तेच खरं धरून जगली. बहिणीचं लग्नही झालं. म्हातारपणी अंथरुणाला खिळल्यावर मित्रानं खरं काय ते आजोबांना सांगितलं, आणि "मी खाल्लं हे माझ्या पोरांना कळू देऊ नका," म्हणून हात जोडले.

समोरचा तरुण जेवायचा थांबला होता. "तो धर्माचा फार पक्का होता का?"

"आजोबा तसंच म्हणायचे. मला वाटतं, तो घाबरला होता."

त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "बसरा इथून फार लांब नाही. कधी जाऊन आलात?"

"नाही."

सुट्टी मिळाली की मी गावाकडे पळायचो, दरवर्षी. महिन्याभरानं माझा इकामा, तिथला राहण्याचा परवाना, रद्द झाला आणि मी कायमचा परत आलो. बसऱ्याला जायचं राहूनच गेलं.