पट्टीखालचा खडा

समुद्रापलीकडच्या एका बेटावर डोंगराच्या पोटातला तप्त रस वर चढला, की आधी जमीन बोटभर फुगते. ती मोजायला निघालेले एक गृहस्थ वाटेत झाशीला उतरून खंडेराव गेटापाशी यंत्र तपासत होते. यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावताना ते श्वास रोखत.

मोजपट्टी त्यांनी मला समोर जमिनीवर उभी धरायला दिली. मी सोळा वर्षांची, अक्कल वेणीच्या रिबिनीएवढी! दुसऱ्या मोजणीला गंमत म्हणून पट्टीखाली चपटा खडा सरकवला आणि ओढणीआड हसले.

त्यांनी तीनदा मोजलं, पण पहिल्या मोजणीशी आकडा जुळेना. मग दुर्बिणीची काच पुसत म्हणाले, "बिटिया, ये तो यहीं झूठ बोलने लगी. वहाँ गाँववालों से किसके भरोसे कहूँ कि भागो?"

रागावतील म्हणून मी गप्पच राहिले. संध्याकाळच्या गाडीने ते बंदराकडे न जाता यंत्र दुरुस्तीला घेऊन परत गेले. त्या बेटाचं पुढे काय झालं, हे कोणाला विचारायची माझी अजून छाती होत नाही.