हवेला जागा नको

नत्थुजींनी अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये अडतीस वर्षं कापसाच्या गाठी दाबल्या. ढिली गाठ त्यांच्या हातून कधी गेली नाही. निवृत्तीनंतरही उन्हाळा आला की जुन्या शहरातल्या गल्लीतल्या बाया लोणच्याच्या बरण्या भरायला त्यांनाच बोलावत.

त्यांची सून हर्षा हिला पहिली ऑर्डर मिळाली होती. अमरावतीला एका वाढदिवसासाठी अॅव्होकॅडोची चटणी न्यायची होती. फळं नागपूरहून मागवलेली, मोजकीच. आदल्या दिवशी करून पाहिलेली थोडी चटणी तिने फ्रीजमधून काढली, तर वरून पार काळपट.

"लिंबू पिळलं होतं, मामाजी. झाकणही घट्ट होतं," ती रडवेली झाली.

नत्थुजींनी डबा पाहिला. तळाशी दोन बोटं चटणी, वर सगळी पोकळी. त्यांनी चमच्याने वरचा थर खरवडला. खाली हिरवंच.

"झाकण घट्ट लावून हवा आतच कोंडली तू. एवढ्याशा चटणीले एवढा डबा काहून?"

संध्याकाळी ऑर्डरची चटणी झाली. नत्थुजींनी बेताचा डबा निवडला आणि एकेक चमचा घालून पाठीने दाबायला लागले.

"बस झालं नं, मामाजी! गाठ थोडीच बांधायची हाये?"

"अर्धं दाबलं म्हंजे दाबलंच नाही."

डबा काठाला बोटभर कमी भरला. सवयीने त्यांचा हात तेलाच्या बुधलीकडे गेला. हर्षाने तो धरला.

"लोणचं नोहे ते! अमरावतीवाले मले हाकलून देतील!"

ते थबकले. त्यांची बायको घरचं लोणी पाण्यात बुडवून ठेवायची, ते आठवलं. चमच्याच्या पाठीवरून त्यांनी गार पाण्याची धार हळूच सोडली, थेट काठापर्यंत.

"पाणचट होईल नं!"

"नीट दाबली असंन, तर पाणी आत जाते कुठून?"

रात्रभर डबा फ्रीजमध्ये राहिला. सकाळी हर्षा तो बर्फाच्या पेटीत घेऊन एसटीत बसली. नत्थुजींना जेवण गोड लागेना. दुपारी फोन वाजला.

"मामाजी, वरचं पाणी ओतलं, चटणी हिरवीगार! लोकायनं डबा पुसून खाल्ला. अजून दोन ऑर्डरी आल्या!"

"ठीक हाये. पण पुढच्या टायमाले तूच दाबजो. माहं मनगट दुखून राह्यलं."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि समोरच्या पार्वताबाईंना सांगायला निघाले.